मंगळाचे भाडे

प्रत्येक सफरीनंतर जहाज मोडीत काढायचे, असा रिवाज असता तर समुद्रप्रवास कुणाला परवडला असता? अग्निबाणांचे मात्र अनेक वर्षे असेच चालले. जानेवारी १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी पुन्हा पुन्हा उडणाऱ्या 'स्पेस शटल'ला मंजुरी दिली. वर्षाला पन्नासेक उड्डाणे होतील, खर्च उतरेल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात सर्वाधिक उड्डाणे झाली १९८५ मध्ये, अवघी ९! यान परत येई; पण बाहेरची इंधनटाकी दर वेळी नष्ट होई आणि उष्णतारोधक टाइल्स हजारोंनी तपासाव्या लागत. ३० वर्षांत १३५ उड्डाणे झाली. दोन अपघातांत १४ अंतराळवीर गेले; २००३ मध्ये आपली कल्पना चावलाही.

डिसेंबर २०१५ मध्ये 'फाल्कन ९' या अग्निबाणाचा खालचा टप्पा उभाच्या उभा जमिनीवर उतरला. मार्च २०१७ मध्ये असाच एक वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. मंगळाची वाट याहून कठीण. ती सुमारे २६ महिन्यांतून एकदाच सोयीची होते आणि परतीसाठीही इंधन लागते. म्हणून नुसते यान परत आले, एवढ्याने भाडे उतरणार नाही. ते किती कमी दुरुस्तीत पुन्हा निघते आणि आतली माणसे सुखरूप घरी येतात का, यावरच मंगळाची सफर परवडणार की नाही, हे ठरेल.