‘२०डब्ल्यू-४०’ची कुळकथा

इंजिन ऑइलचा डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचणारे ग्राहक फार थोडे. मोटारसायकलच्या डब्यावर तिथं साधारण अशी एक ओळ असते: ‘२०डब्ल्यू-४०, एपीआय एसएल, जासो एमए२’. इंजिनची झीज हे तेल कितपत थांबवेल, हे जाणून घ्यायला पुढच्या बाजूचं चकचकीत चित्र काही कामाचं नाही. कामाची आहे ती ही ओळ. तिच्यातला जवळपास प्रत्येक आकडा आणि प्रत्येक अक्षर कुठल्या ना कुठल्या काळात इंजिनांनी मार खाल्ला म्हणून तिथं आलेलं आहे.

वंगण ही माणसाची जुनी गरज. आपल्याकडे बैलगाडीच्या आखाला एरंडेल लागायचं, युरोपात गाड्यांना जनावराची चरबी आणि नाजूक यंत्रांना देवमाशाचं तेल. वाफेचं इंजिन येईपर्यंत हे भागलं. वाफेच्या सिलिंडरमधल्या उष्णतेत मात्र चरबी फुटायची, तिच्यातून आम्ल सुटायचं आणि वंगणच धातूला खायला लागायचं. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिल इथं एडविन ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलं. त्यानंतर सातच वर्षांनी, १८६६ साली, जॉन एलिस या डॉक्टरनं न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये त्याच तेलापासून वाफेच्या इंजिनांसाठी वंगण काढायचा कारखाना घातला. व्हॉल्व्हसाठीचं तेल म्हणून पुढं त्याला ‘व्हॅल्व्होलीन’ हे नाव मिळालं. खनिज तेल उष्णतेत चरबीसारखं आम्ल होत नव्हतं. आज ज्याला आपण साधं किंवा मिनरल ऑइल म्हणतो त्याचं मूळ इथं आहे.

एरंडेल लगेच हटलं नाही. १९०९ साली लंडनच्या चार्ल्स वेकफिल्डनं खनिज तेलात एरंडेल मिसळून ‘कॅस्ट्रॉल’ बाजारात आणलं, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीचा माल हिंदुस्थानात यायला लागला. पहिल्या महायुद्धात विमानांची फिरती रोटरी इंजिनं शुद्ध एरंडेलावर चालली, कारण त्या इंजिनांत पेट्रोलची वाफ क्रँककेसमधूनच जायची आणि पेट्रोलमध्ये एरंडेल सहज विरघळत नाही. शिवाय एरंडेलाचा रेणू धातूला चिकटून राहतो. दोष एकच, पण मोठा: तापलं की त्याचा चिकट डिंक होतो. दर थोड्या तासांनी खोलायच्या विमानाच्या इंजिनला ते चालून गेलं, रोजच्या मोटारीला चालणारं नव्हतं. म्हणून खनिज तेल टिकलं. धातूला चिकटून राहायचा एरंडेलाचा गुण मात्र त्याच्यात नव्हता, आणि पुढची पन्नास वर्षं रसायनशास्त्रज्ञ ही उणीव भरून काढत राहिले.

तेल नेमकं करतं काय, हेच मुळात १८८०च्या दशकापर्यंत कुणाला कळलेलं नव्हतं. लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेसाठी बोशॅम्प टॉवर रेल्वेच्या आखाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. फिरता आख खालून तेलात बुडलेला आणि वरून बेअरिंगचा भार, अशी मांडणी होती. वरून तेल सोडता यावं म्हणून त्यानं बेअरिंगला एक भोक पाडलं. आख फिरायला लागल्यावर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊन बाहेर सांडायला लागलं. त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर आली. शेवटी त्यानं तिथं प्रेशर गेज लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला सुमारे १०० पौंड होता, आणि २०० पौंडांपर्यंतच्या गेजचा काटा टोकाच्या पलीकडे गेला. फिरणारा आख स्वतःच तेल ओढून घेत होता, त्याची पाचर करत होता आणि त्या पाचरीवर सगळा भार उचलला जात होता. भर पावसात वेगानं जाणाऱ्या मोटारीचं चाक रस्त्यावरच्या पाण्यावर तरंगतं, तसा आख तेलावर तरंगत होता. धातू धातूला टेकतच नव्हता. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं, आणि आजही मोटारीच्या क्रँकशाफ्टचं बेअरिंग त्याच गणितावर बेतलेलं असतं.

ऑइल निवडताना लक्षात ठेवायची पहिली गोष्ट याच प्रयोगात आहे. पाचर तयार व्हायला दोन गोष्टी लागतात, वेग आणि योग्य दाटपणा. तेल फार पातळ असलं तर पाचर मोडते. फार दाट असलं तर ते वेळेवर पोचत नाही आणि इंजिनची ताकद तेच ढवळण्यात जाते. ‘जाड ऑइल टाका, इंजिनचा आवाज बसेल’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. आवाज बसतोही. पण ज्या इंजिनच्या फटी आणि तेलवाटा १०डब्ल्यू-३०साठी बेतल्या आहेत, त्यात २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी गाडी चालू केल्यावर वर कॅमपर्यंत तेल जायला उशीर होतो. त्या क्षणांत पाचर नसते, आणि झीज तेव्हाच होते. आवाज कमी झाला म्हणजे झीज कमी झाली, असं समजू नये.

दाटपणाला आकडे दिले ते १९११ साली, एसएई या अमेरिकेतल्या मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेनं. त्याआधी ‘हलकं’, ‘मध्यम’, ‘भारी’ असा कारभार होता. ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याचं अक्षर १९३०च्या दशकात आलं, कारण उत्तर अमेरिकेच्या थंडीत तेल गोठून इंजिन फिरेनासं व्हायचं. १९२९ साली डीन आणि डेव्हिस यांनी व्हिस्कॉसिटी इंडेक्सची मोजपट्टी केली: पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १००, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरच्या तेलाला शून्य. तापल्यावर जे तेल कमी पातळ होतं ते वरच्या गुणांचं. पुढं तेलात पॉलिमर घालून एकाच डब्यात थंडीचा आणि उष्णतेचा असे दोन्ही आकडे बसवता आले. आजच्या व्याख्येनुसार ‘२०डब्ल्यू’ तेलाची परीक्षा उणे १५ अंशांवर होते, ‘१०डब्ल्यू’ची उणे २५वर. मागचा ‘४०’ म्हणजे १०० अंश तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक दाटपणा. म्हणजे इंजिन तापल्यावर १०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० एकाच वर्गातली. फरक गार इंजिनचा. महाराष्ट्रात पारा उणे १५ला जात नाही, म्हणून जुन्या गाड्यांचं २०डब्ल्यूवर भागतं. तरी नाशिक-निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटे १०डब्ल्यू लवकर वर चढतं, हेही खरं.

१९३०च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांच्या पिस्टन रिंगा चिकटायला लागल्या. उत्तम शुद्ध केलेलं तेल घालूनही काजळी आणि लाखेसारखा थर खाचांत साचायचा. मग कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलनं १९३५ साली धुणाऱ्या द्रव्याचं तेल आणलं. चांगलं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं ते याचसाठी: काजळी रिंगेत न बसता तेलात तरंगत राहते. रंग बघून ऑइलची परीक्षा करणं तेव्हापासून चुकीचं ठरलं आहे.

झिजेच्या दृष्टीनं सगळ्यात मोठं पाऊल आडवाटेनं पडलं. १९४०च्या दशकात झिंक डायअल्काइलडायथायोफॉस्फेट, म्हणजेच ‘झेडडीडीपी’, तेलात घालायला लागले ते तेल लवकर सडू नये आणि तांबे-शिशाची बेअरिंगं खराब होऊ नयेत म्हणून. पुढच्या दशकात अमेरिकेत जोरदार व्ही-आठ इंजिनं आली, कॅमची टोकं भराभर झिजायला लागली, आणि तेव्हा लक्षात आलं की हेच द्रव्य ती झीज थांबवतं. कॅमच्या टोकावर टॅपेट घासतो तिथं भार प्रचंड असतो, तेलाची पाचर अपुरी पडते आणि धातूची उंच टोकं एकमेकांना भिडतात. त्या उष्णतेत आणि दाबात झेडडीडीपी फुटतं आणि धातूवर काचेसारख्या फॉस्फेटचा थर बसतो. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. तो घासला जातो आणि जिथं दाब जास्त तिथंच पुन्हा वाढतो. धातूऐवजी तोच झिजतो. एरंडेल जे अर्धवट करत होतं ते इथं पुरतं झालं. माझ्या मते तेलाच्या साऱ्या इतिहासात यापेक्षा उपयोगी शोध दुसरा नाही.

‘एसएल’सारखी अक्षरं या सगळ्याची परीक्षा असतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, म्हणजे एपीआयची, ही मालिका ‘एसए’पासून सुरू होते, ‘एसए’ म्हणजे काहीही न मिसळलेलं तेल, १९३०नंतरच्या इंजिनांना अयोग्य. ‘एसएल’ २००१चं, ‘एसएन’ २०१०चं, ‘एसपी’ २०२०चं. ‘एसएन’च्या एका चाचणीत निस्सानचं २.४ लिटरचं इंजिन १०० तास चालवायचे आणि कॅमचं प्रत्येक टोक सात ठिकाणी मोजायचे. सरासरी झीज ९० मायक्रॉनच्या आत असेल तरच तेल पास.

दरम्यान मोटारींत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला होता. झेडडीडीपीतला फॉस्फरस त्याला निकामी करतो, म्हणून २००४पासून मोटारींच्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर बांधला गेला. इंधन वाचवायला घर्षण कमी करणारी द्रव्यं तर त्याआधीच वाढली होती. मोटारसायकलचं इथं अडलं, कारण तिच्यात इंजिन, गिअर आणि ओला क्लच असं सगळं एकाच तेलात बुडालेलं असतं. मोटारीच्या त्या तेलानं क्लच घसरायला लागला. त्यावर १९९८ साली जपानी मानक आलं, तेच ‘जासो एमए’. क्लचची पकड आणि गिअरच्या दातांत चिरडूनही टिकणारा दाटपणा, या दोन्हींची हमी त्यात आहे. म्हणून मोटारीचं कितीही महागडं ऑइल बाइकमध्ये टाकू नये.

साधं मिनरल ऑइल हे हलक्या प्रतीचं ऑइल नव्हे. मुंबईत माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यात १९६९पासून ऑइलचं मूळ तेल बनतं आहे आणि त्यावर देशातल्या किती तरी ट्रक, पंप आणि स्कूटरी चालल्या. ग्रेड, एपीआय आणि जासो जुळत असतील तर मिनरल आणि सिंथेटिक दोघांनाही झिजेची तीच परीक्षा द्यावी लागलेली असते. सिंथेटिक जास्त दिवस टिकतं, जास्त उष्णता सोसतं. मिनरल वेळेवर बदलावं लागतं, इतकंच. झेडडीडीपी वापरानं संपत जातं, त्यामुळे बदलायची तारीख चुकवलेलं महागडं ऑइल वेळेवर बदललेल्या साध्या ऑइलपुढं हरतं. कंपनीनं सिंथेटिकच सांगितलं असेल तिथं मात्र काटकसर करू नका.

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडीचं मॅन्युअल सोबत न्या. त्यातली ओळ आणि डब्यामागची ओळ जुळवा, डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, सुटं ऑइल घेऊ नका आणि एअर फिल्टर बदलला का तेही विचारा, कारण आपल्या रस्त्यांवरची धूळ आत गेली तर कुठलंच ऑइल तिला पुरं पडत नाही.