ज्ञाति, रूढी आणि कर्करोग : मुंबईतील कारणशोधाचा इतिहास

कर्करोगाच्या कारणमीमांसेचा इतिहास म्हणजे केवळ प्रयोगशाळेतील शोधांची मालिका नव्हे. रुग्णांची गणना कोणत्या वर्गांत करावयाची, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशावरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तेव्हा रोग्याचा व्यवसाय हाच वर्ग कारणाचा सूचक ठरला. हिंदुस्थानात मात्र व्यवसायापेक्षा ज्ञाति, धर्म आणि मातृभाषा हे वर्ग अधिक हाताशी होते. त्यामुळे येथील संशोधकांपुढे निराळाच पेच उभा राहिला. एखाद्या समाजात विशिष्ट कर्करोग अधिक आढळला, तर तो रक्ताचा गुण मानावयाचा की राहणीचा परिणाम?

या पेचाचे उत्तर शोधण्याचे एक प्रमुख केंद्र म्हणजे १९४१ मध्ये परळ येथे सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख, विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९४५ मध्ये आचारांशी निगडित अशा तीन कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले : कमरेला धोतर आवळून नेसल्याने त्या जागी होणारा, खैनी ओठात धरल्याने होणारा आणि चुट्ट्याचे जळते टोक तोंडात ठेवून ओढल्याने टाळूला होणारा. काश्मीरमध्ये कांगडीच्या उष्णतेने पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेस होणारा कर्करोग त्यापूर्वीच परिचित होता. या सर्व उदाहरणांत रोगाचे स्थान आचाराच्या स्थानाशी तंतोतंत जुळते, आणि हीच त्यांची प्रमाणशक्ती होय.

तथापि वर्णन म्हणजे सिद्धता नव्हे. ती दिशा १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांच्या अभ्यासाने दाखविली. त्यांनी मुख व घसा यांच्या कर्करोग्यांच्या सवयींची तुलना अन्य व्यक्तींच्या सवयींशी केली. तंबाखू चघळण्याचा संबंध मुखविवराच्या कर्करोगाशी, तर बिडी ओढण्याचा संबंध जिभेचे मूळ व घसा यांच्या कर्करोगाशी अधिक असल्याचे त्यांना आढळले. विशेष म्हणजे संघवी हे मूळचे आनुवंशिकीचे अभ्यासक. मुंबईतील अंतर्विवाही गटांच्या आनुवंशिक लक्षणांची पाहणी त्यांनी खानोलकरांसमवेत केलेली होती. जन्मजात भेद मोजण्यात निष्णात असलेल्या संशोधकानेच सवयींची गणना हाती घ्यावी, ही घटना लक्षणीय आहे.

इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत नोंदणी सुरू केली. भारतातील ही पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी होय. तिच्या आकड्यांत पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी दिसले. वरवर पाहता हा ज्ञातिभेदच वाटेल. परंतु उशिरा विवाह, उशिरा पहिले अपत्य आणि अपत्यांची अल्पसंख्या हे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढविणारे घटक आहेत. पुढील दशकांत मुंबईतील एकंदर स्त्रियांमध्येही गर्भाशयमुखाचा कर्करोग मागे पडून स्तनाचा कर्करोग अग्रस्थानी आला. शहराची वंशघटना काही दशकांत पालटत नाही. पालटते ती राहणी. काही कर्करोगांत आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे, परंतु एवढ्या अल्पावधीतील स्थित्यंतर केवळ तिच्या आधारे उलगडत नाही.

येथे ‘रूढी’ या संज्ञेचीही मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. पान, खैनी, मशेरी यांना परंपरेचा आधार होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुड्यांतून घरोघर पोहोचलेला गुटखा ही परंपरा नव्हती. तो कारखान्यात तयार झालेला आणि जाहिरातीने पसरविलेला माल होता. तंबाखूयुक्त पान चघळणे कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये दिला होता. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक असल्याचा तिचा निष्कर्ष २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ती अन्नसुरक्षेच्या कायद्यान्वये. म्हणजे दोष आता लोकांच्या आचारात नव्हे, तर विक्रीच्या वस्तूत शोधला जाऊ लागला.

ज्ञाति, रूढी, व्यापार अशा तीन पायऱ्यांनी हा कारणशोध पुढे सरकलेला दिसतो. कारण ज्ञातीत मानले तर उपाय उरत नाही. रूढीत मानले तर उपदेशाचा भार रोग्यावर पडतो. व्यापारात मानले तर उत्तरदायित्व शासनाकडे येते. म्हणून जुन्या रुग्णनोंदी वाचताना त्यांतील आकड्यांइतकेच त्यांच्या रकान्यांकडेही इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे.