पारदर्शक फिल्ममध्ये कार्बन मिसळला की काय होतं?

कपडे धुण्याच्या लिक्विड पॉडचं पातळ आवरण पाहिलंय? ते पीव्हीएचं, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं असतं. पाण्यात विरघळतं आणि योग्य जिवाणू मिळाले तर कुजतंही. पण ही फिल्म अतिनील किरणं बऱ्याच अंशी आरपार जाऊ देते. खाद्यपदार्थ गुंडाळायचे तर हीच अडचण, कारण उजेडाने तेल खवट होतं.

इथे कार्बन कामाला येतो. ग्राफीनचा फक्त एका अणूइतका जाड थर २.३ टक्के दृश्य प्रकाश शोषतो. म्हणून ग्राफीन किंवा नॅनोट्यूब चिमूटभरच पुरतात. जास्त झाले की फिल्म काळपट. कार्बन डॉट्स जरा वेगळे: अतिनील किरणं शोषून ते बहुधा निळसर चमकतात आणि फिल्म बरीचशी पारदर्शक राहते.

कण किती, केवढे आणि किती सारखे पसरलेत, यावर सगळं ठरतं. गुठळ्या झाल्या की प्रकाश विखुरतो, फिल्म धुरकट दिसते.

पाकिटावर ‘बायोडिग्रेडेबल’ वाचून मी मात्र लगेच खूश होत नाही. पॉलिमर कुजला तरी ग्राफीन आणि नॅनोट्यूब सहजासहजी कुजत नाहीत. म्हणून मी आधी बघतो, आत काय मिसळलंय?