गुलाबात खानदेशी गवत

गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाननं लावला, ही गोष्ट बहुतेकांना पाठ असते. खुद्द जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात श्रेय सासूला देतो. ही सासू, अस्मत बेगम, गुलाबपाणी काढत असताना गरम पाण्यावर तवंग धरला, तो तिनं जमवला; राजघराण्यातल्या सलीमा सुलतान बेगमनं त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ म्हटलं, बादशहानं मोत्यांचा सर दिला. फ्रेंच पंडित लांग्लेसनं १८०४ साली या शोधावर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. इटलीतल्या रोस्सी नावाच्या वैद्याला हा तवंग सोळाव्या शतकातच दिसला होता, त्यामुळे सासूबाईंचा हक्क डळमळतो. डळमळू दे. मला त्या तवंगाचंच कौतुक आहे.

गुलाबाच्या अस्सल तेलात मेणासारखे घटक असतात, म्हणून ते थंडीत गोठतं. बल्गेरियाच्या तेलाची पारख व्यापारी या गोठण्यावरून करत. किलोभर तेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागत असल्यावर भेसळ न होती तरच नवल! आणि ती भेसळ जायची आपल्या मुंबईहून.

खानदेशात पिंपळनेर, नंदुरबारकडच्या डोंगरांत रोशा नावाचं गवत होतं. कुणी त्याला तिखाडीही म्हणतं. फुलोऱ्यावर आलं की कापून भट्टीवर चढवायचं आणि तेल गाळायचं. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि तिथून इस्तंबूलला पोहोचे. तिथे लिंबाचा रस घालून आणि ऊन दाखवून त्याला नरम करत. पुढे बल्गेरियात ते पाकळ्यांवर शिंपडून मगच भट्टी लावत. गवताच्या तेलानं गोठणं बिघडे. मग देवमाशाचं मेण घालून तेही सावरून घेत. लबाडीतही केवढी कसबी नजर! दोन्ही तेलांना जोडणारा दुवा म्हणजे जिरॅनिऑल. हा गुलाबातला एक मुख्य घटक रसायनशास्त्रज्ञ याकोबसेननं १८७१ साली वेगळा काढला, तोही गुलाबातून नव्हे, या गवताच्या तेलातून.

आता ‘रोशा’. इंग्रजी ‘रोज’वरून हे नाव पडलं, असं सांगणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. खानदेशातल्या गवत कापणाऱ्याला इंग्रजी गुलाबाशी काय देणं-घेणं? आयुर्वेदाच्या निघंटूंत ‘रोहिष’ हे सुगंधी गवत आहे. रोहिष, रोहिस, रोशा, ही वाट सरळ दिसते. ‘रोहिष’ या एका नावाखाली वैद्यांनी दोन-तीन गवतं कोंबली असावीत, ही अडचण आहे खरी. पण सांधे धरले की चोळायच्या तेलाला विदर्भात ‘रोशेल’ म्हणतात. तो शब्द ‘रोहिसतेल’ झिजूनच झाला, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आम्हा पनवेलकरांचा या सुगंधाच्या व्यापारात वाटा किती? थोडाच, पण सोडवत नाही. मुंबईचा माल होडीनं पनवेल बंदरात उतरे आणि बोरघाटानं पुण्याला चढे. पेशव्यांच्या दरबारात निरोपाला विडा आणि अत्तरगुलाब असे. ते सगळं उत्तरेतून खुष्कीनंच येई, हे मानायला मी तयार नाही. काही कुप्या आमच्या धक्क्यावर नक्कीच उतरल्या असणार. त्या काळी त्यांत भेसळ असलीच तर ती चंदनाच्या तेलाची. पण तिला भेसळ म्हणणं उत्तरेतल्या कनौजच्या अत्तरवाल्यांवर अन्याय होईल. त्यांच्या पद्धतीत डेगेतल्या, म्हणजे भट्टीवरच्या हंड्यातल्या, पाकळ्यांची वाफ बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, भपका नावाच्या भांड्यात उतरते, आणि भपक्यात चंदनाचं तेल आधीपासूनच घातलेलं असतं.