उपग्रह-भ्रमणमार्ग

गुरू, शनी यांसारख्या महाकाय ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाने एखाद्या उपग्रहाजवळून जाताना त्याच्याच गुरुत्वाकर्षणाने वळावे आणि पुढच्या भेटीची वाट धरावी, अशा रीतीने काही वर्षांसाठी आखलेला मार्ग.

उपग्रहाच्या सापेक्ष यानाचा येतानाचा व जातानाचा वेग सारखाच राहतो, दिशा तेवढी वळते. ग्रहाच्या सापेक्ष मात्र वेग बदलतो. यान उपग्रहाच्या मागून गेले तर कक्षा मोठी होते, पुढून गेले तर लहान. ध्रुवांवरून गेले तर कक्षेचे प्रतल कलते. खरी अडचण पुढे आहे. बदललेल्या कक्षेने यानाची उपग्रहाशी पुन्हा गाठ घालून द्यायला हवी. टायटन या शनीच्या उपग्रहाला शनीभोवती फिरायला सुमारे १६ दिवस लागतात. त्यामुळे शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाची कक्षा पुष्कळदा १६ किंवा ३२ दिवसांची, अशा जुळत्या हिशेबाने ठेवावी लागे.

कॅसिनीची शनीभोवतीची फिरती हा या विद्येचा आजवरचा सर्वोत्तम नमुना होय. १ जुलै २००४ रोजी कक्षेत शिरताना इंजिन सुमारे ९६ मिनिटे चालले, तेव्हा वेग सेकंदाला सुमारे ६२६ मीटरने घटला. टायटनची एक जवळची भेट सेकंदाला ८०० मीटरपर्यंत बदल घडवी आणि इंधन लागे ते केवळ नेम साधण्यापुरते. अशा १२७ भेटी झाल्या. शनीचाच दुसरा उपग्रह एन्सेलाडस याचा व्यास जेमतेम ५०० किमी. यान वळवण्याइतके बळ त्याच्यात नाही, म्हणून त्याच्याकडे जाण्याची वाटही टायटनच घडवी. कडी वरून न्याहाळायची तर कक्षा कललेली हवी, बर्फाळ उपग्रह गाठायचे तर ती विषुववृत्ताच्या प्रतलात हवी. या ओढाताणीतून निरीक्षकांच्या गटांनी काळ वाटून घेतला. शोधांइतकेच श्रेय या वाटणीला द्यायला हवे.

२२ एप्रिल २०१७ च्या टायटनभेटीने यानाला कडी आणि शनी यांमधल्या फटीत नेले. इंधन संपत आले होते आणि भरकटलेल्या यानाने एन्सेलाडस दूषित होऊ नये, म्हणून ११ सप्टेंबरला टायटननेच दुरून शेवटचा ओढा दिला. १५ सप्टेंबरला यान शनीच्या वातावरणात नष्ट झाले.

गुरूपाशी चार मोठे उपग्रह असल्याने पर्याय वाढतात, पण त्यांपैकी युरोपाजवळचा किरणोत्सर्ग घातक आहे. म्हणून २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर युरोपाभोवती न राहता लांबट कक्षेतून त्याच्या सुमारे ५० भेटी घेईल. २०२३ मध्ये निघालेले युरोपचे ज्यूस यान अशाच भेटींनी वेग घटवत अखेर गॅनिमिड या गुरूच्याच उपग्रहाभोवतीच्या कक्षेत स्थिरावणार आहे.