एका कार्यालयाला संसदेने दिलेला निरोप

थ्रेड : १९९५ साली अमेरिकी संसदेने आपल्याच घरातील जाणकारांना घरी पाठवले. संगणक सुरक्षेचा कायदेमंडळासाठी अभ्यास करणारी माणसेही त्यांत होती. त्यांच्या निरोपाची ही हकीकत.

अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजाचा वृत्तांत ‘काँग्रेशनल रेकॉर्ड’ या नावाने १८७३ पासून छापला जातो. त्याच्या शेवटच्या भागात, सभागृहात प्रत्यक्ष न बोललेले निवेदनही सदस्याला छापून घेता येते. मतदारसंघातील शाळेचा शतकमहोत्सव, एखाद्या वृद्धाचा वाढदिवस, आणि अधूनमधून नोकरी सोडून जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा गौरव. अभ्यासक ही पाने सहसा भराभर उलटतात. ती थांबून वाचावीत असे मला वाटते. कायद्याशी नाव जोडले जाते ते सदस्याचे. त्यामागे ज्याने वर्षानुवर्षे डोके शिणवले, त्याचे नाव छापून येण्याची जागा बहुधा हीच.

सप्टेंबर १९९५ च्या अखेरीस याच वृत्तांतात एक वेगळा निरोप छापला गेला. न्यूयॉर्क राज्यातील प्रतिनिधी एमो हॉटन यांनी एका संपूर्ण कार्यालयाला वाहिलेली ती श्रद्धांजली होती. कार्यालयाचे नाव ‘ऑफिस ऑफ टेक्नॉलॉजी असेसमेंट’, संक्षेपाने ओटीए. हॉटन रिपब्लिकन पक्षाचे, आणि कार्यालय बंद करणारे बहुमतही त्यांच्याच पक्षाचे!

१९७२ च्या कायद्याने ओटीए अस्तित्वात आले. तंत्रज्ञानाविषयी सरकारी खाती जे सांगतील त्यावर संसदेने विसंबून राहू नये, तिचे स्वतःचे तज्ज्ञ असावेत, हा हेतू. देखरेखीला १२ सदस्यांचे मंडळ : सहा सिनेटर, सहा प्रतिनिधी, दोन्ही पक्ष समसमान. २३ वर्षांत सुमारे ७५० अहवाल निघाले. सदस्यांनी काय करावे हे अहवाल सांगत नसत. पर्याय आणि त्यांचे परिणाम मांडून थांबत.

संगणक सुरक्षेचा प्रश्न तेव्हाही सत्तेचाच होता. १९८४ साली अध्यक्ष रेगन यांच्या एका निर्देशाने, गोपनीय नसलेल्या पण संवेदनशील मानलेल्या सरकारी माहितीच्या रक्षणातही नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचा, म्हणजे एनएसएचा, हात शिरला. हेरगिरी हेच जिचे काम, तिनेच नागरी संगणकांची कुलुपे ठरवावीत काय? संसद यावर वाद घालत असताना, ऑक्टोबर १९८७ मध्ये, ओटीएने इलेक्ट्रॉनिक माहितीच्या कुलूप-किल्ल्यांवरचा अहवाल दिला. जानेवारी १९८८ मध्ये रेगन यांनी स्वाक्षरी केलेल्या ‘कॉम्प्युटर सिक्युरिटी अॅक्ट’ने नागरी खात्यांसाठी मानके ठरवण्याचे काम एका नागरी संस्थेकडे, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सकडे, सोपवले.

वाद मात्र मिटला नाही. एप्रिल १९९३ मध्ये क्लिंटन प्रशासनाने ‘क्लिपर चिप’ जाहीर केली. दूरध्वनीवरचे संभाषण ती कूटबद्ध करणार होती, पण ते उलगडण्याची किल्ली दोन तुकड्यांत सरकारी संस्थांकडे ठेवली जाणार होती. म्हणजे कुलूप तुमचे आणि जोडकिल्ली सरकारची. सप्टेंबर १९९४ मध्ये ओटीएने जाळ्यांच्या युगातील माहितीसुरक्षा व खासगीपणा यांवर अहवाल प्रसिद्ध केला. कूटलेखनाचे धोरण बंद दाराआड न ठरता संसदेत उघडपणे तपासले जावे, हा त्यातील कळीचा मुद्दा. मानके ठरवणाऱ्या नागरी संस्थेने १९८९ च्या करारात एनएसएला कायद्याच्या हेतूपलीकडे वाव दिल्याचे दिसते, हेही त्याने दाखवले. जून १९९५ मध्ये याच अहवालाची पुरवणी निघाली. कार्यालयाचे तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

नोव्हेंबर १९९४ च्या निवडणुकीत ४० वर्षांनंतर प्रतिनिधिगृह रिपब्लिकन पक्षाकडे आले आणि न्यूट गिंग्रिच सभापती झाले. खर्चाची कपात आपल्या घरापासून सुरू करायची, हा निर्धार. ओटीएचा वार्षिक खर्च सुमारे २.२ कोटी डॉलर. संसदेच्या एकंदर खर्चात ही रक्कम किरकोळच. अहवालांना वर्ष-दोन वर्षे लागतात, तोवर मतदान उरकलेले असते, असा आक्षेप होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण उशिरा येणारे ज्ञान आणि नसलेले ज्ञान यांत फरक असतो. हॉटन यांच्या दुरुस्तीला प्रतिनिधिगृहात बहुमतही मिळाले. सिनेटमध्ये हॉलिंग्ज यांचा प्रयत्न फसला आणि विषय संपला.

अखेरच्या काळात कर्मचाऱ्यांनी एक काम केले, ज्याबद्दल आपण अभ्यासकांनी त्यांचे ऋणी राहायला हवे. आपले सारे अहवाल त्यांनी सीडींच्या संचात एकत्र केले. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाने ते सर्वांसाठी खुले ठेवले.

१९ मे १९९८ रोजी बोस्टनच्या ‘लॉफ्ट’ गटाचे सात हॅकर सिनेटच्या शासकीय व्यवहार समितीपुढे आपापल्या टोपणनावांनी बसले आणि अर्ध्या तासात इंटरनेट बंद पाडता येईल असे सांगून त्यांनी खळबळ उडवली. १९९४ चा ओटीए अहवाल मागवणारी समितीही हीच. सदस्यांनी त्या दिवशी मनापासून ऐकले, यात शंका नाही. मात्र सातही पाहुणे संध्याकाळी परत गेले; त्यांचे म्हणणे संसदेच्या भाषेत उतरवून दुसऱ्या दिवशी समितीच्या टेबलावर ठेवणारे स्वतःचे कार्यालय आता उरले नव्हते.

१९७२ चा कायदा आजतागायत रद्द झालेला नाही. ओटीए कागदावर जिवंत आहे, फक्त त्याला पैसा मिळत नाही. २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यासाठी ६० लाख डॉलर सुचवले होते. अंतिम तरतुदीत ते राहिले नाहीत. १९९४ चा अहवाल मात्र कुणालाही उघडून वाचता येतो. सुरुवातीच्या पानांवर तो लिहिणाऱ्या गटाची नावे आहेत, आणि प्रकल्पप्रमुख म्हणून जोन विन्स्टन यांचे.