लुटीतून आलेला हुंडा

आयरिश भाषेत हुंड्याला ‘स्प्रे’ म्हणतात. अत्तराच्या फवाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. शब्दाचं मूळ लॅटिन ‘प्राएदा’, म्हणजे लूट. जुन्या काळी लुटून न्यायची ती मुख्यतः गुरंच. त्यामुळे अर्थ सरकत गेला: लूट, मग गुरंढोरं, मग लेकीच्या लग्नात द्यायची गुरं. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये हाच शब्द गुरांपाशीच थांबला, तर वेल्श ‘प्राइद’चा अर्थ कळप.

पुढे स्प्रेत रोकड आली, तरी गोठ्याचं महत्त्व गेलं नाही. सोयरीक ठरण्याआधी मुलीचा बाप वराचं शेत पायी फिरून पाही, गाई मोजे. त्या दिवसापुरत्या शेजाऱ्यांच्या गाई आणून गोठा भरल्याच्या गोष्टी तिकडे चवीने सांगतात. १९३०च्या दशकात क्लेअर परगण्यात राहिलेल्या आरेन्सबर्ग आणि किंबॉल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी एक मजेशीर व्यवहार नोंदवला. स्प्रेची रक्कम नवरदेवाला नव्हे, त्याच्या बापाला मिळे आणि त्यातूनच तो आपली मुलगी उजवी. तेच पैसे घरोघर फिरत. मला तर यात लूट कमी, भिशीच जास्त दिसते!

हे सगळं लेंटच्या उपवासांआधी उरकावं लागे. त्या दिवसांत चर्चमध्ये सहसा लग्नं लागत नसत. मुदत हुकलेल्यांची मन्स्टर प्रांतात धडगत नसे. लेंटच्या पहिल्या रविवारी, म्हणजे ‘चॉक संडे’ला, चर्चला निघालेल्या बिनलग्नाच्या मंडळींच्या कोटांवर पोरं खडूने रेघा ओढत.